गाडी आईल खाते, म्हणून वर्षभर काय काय करून पाहिलं

आमची गाडी २००९ च्या दसऱ्याची. पेट्रोल, १.२ लिटरचं इंजिन, चार सिलिंडर, एमएच ३१ चा, म्हणजे नागपूरचा नंबर. बाबांनी रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली असताना घेतली आणि घरात कोणी ती विकायचं नाव काढलं की ते जेवण अर्धवट सोडून उठतात, त्यामुळे विकायचा विषय पहिल्यापासून बंद. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कोणालाही वाटेल की एवढं करण्यापेक्षा विकून का नाही टाकली.

मे २०२३ मध्ये यवतमाळला लग्न होतं. सकाळी लवकर निघू म्हणता म्हणता अकरा वाजले, बाहेर ४४ डिग्री, गाडीत पाच माणसं, एसी फुल. वर्ध्यानंतर देवळी ओलांडली आणि पेट्रोल भरायला पंपात वळवली तर डॅशबोर्डवर तो तांबडा दिवा, चहाच्या किटलीसारखं चित्र असते ना ते, एकदा लुकलुकला. गाडी सरळ झाली, विझला. बायको म्हणाली एसीचा असेल काही. मी पण मानून घेणार होतो, पण पंपावरच्या पोराने बोनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी काढून दाखवली तर पट्टी कोरडी ठाक. टोकाला सुद्धा ऑइल नाही.

तोपर्यंत माझा समज होता की ऑइल कमी झालं की तो दिवा लागतो. तसं नाहीये. तो दिवा प्रेशरचा आहे, लेव्हलचा नाही. ऑइल संपत येते, वळणावर जे उरलंसुरलं आहे ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, एका बाजूला पळते, ऑइल पंपाच्या तोंडाशी हवा जाते, प्रेशर पडते, तेव्हा कुठे दिवा लुकलुकते. म्हणजे दिवा दिसला तेव्हा तुम्ही ऑलरेडी खड्ड्याच्या काठावर उभे आहात. मी तिथे मिळालं ते ऑइल घेऊन हळूहळू टाकत गेलो, थोडं टाकायचं, थांबायचं, पट्टी पाहायची, असं करत जवळपास १.९ लिटर गेलं. आमच्या इंजिनात फिल्टरसकट तीन-सव्वातीन लिटर मावते.

लग्नात माझं लक्षच नव्हतं. परत आल्यावर बाबांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "हो, एप्रिलमध्ये मी अर्धा लिटर टाकलं होतं, तुला सांगायचं राहिलं." आणि मला आठवलं की मार्चमध्ये मी पण एक लिटर टाकलं होतं आणि त्यांना सांगितलं नव्हतं! जानेवारीत सर्व्हिसिंग झालेली, तेव्हापासून गाडी ४,२०० किलोमीटर चालली होती, म्हणजे तेवढ्यात साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल गेलं, अख्खं इंजिन एकदा रिकामं करून परत भरावं इतकं, आणि घरातल्या दोघांपैकी एकालाही पत्ता नाही. मजा म्हणजे बाबांची एक डायरी आहे, त्यात २००९ पासून प्रत्येक पेट्रोलची नोंद आहे, तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, पंप कुठला, सगळं. ऑइलची एकही नोंद नाही.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे एक टेस्ट करतात, ती पद्धत मला आवडली, म्हणून सांगतो. पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरतात, किलोमीटर लिहून घेतात, १,००० किलोमीटर चालवून आणा म्हणतात, मग परत वरच्या खुणेपर्यंत यायला किती लागलं ते मोजतात. ९०० मिली लागलं. सल्लागार साहेब म्हणाले, सर इंजिन ओव्हरहॉल, ६२ हजारांचं एस्टिमेट, त्यात अजून काही निघालं तर वेगळं. गाडीचे बाजारात कोणी लाखभर दिले तर नशीब.

बाबांनी त्याच डायरीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. ऑइल ५२० रुपये लिटर, ६२ हजारात ११९ लिटर येते, हजार किलोमीटरला एक लिटर जरी धरलं तरी गाडी अजून लाखाच्या वर चालते, म्हणजे २००९ पासून जेवढी चालली जवळपास तेवढीच परत. "कायले इंजिन खोलायचं मग?" गणित म्हणून यात चूक नव्हती आणि मी दोन दिवस त्यावर खूश पण होतो. पण जळालेलं ऑइल जाते कुठे? सायलेन्सरमधून, आपल्या मागे स्कूटरवर चालणाऱ्याच्या नाकात. प्लगवर काजळी धरते. आणि ऑइलमध्ये जे फॉस्फरस वगैरे असते ते हळूहळू धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाद करते, तो पार्ट स्वस्त नाही. वर २०२४ च्या दसऱ्याच्या आसपास गाडीला १५ वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे आरसी रिन्यू करायला पासिंगला न्यायची, आणि तिथे निळा धूर काढत उभं राहायचं मला काही पटत नव्हतं.

इथून पुढे तीन-चार महिने मी शुद्ध मूर्खपणा केला. जो भेटला त्याचा सल्ला ऐकला. साळा म्हणाला जाडं ऑइल टाक, टाकलं, ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५०. एका दुकानदाराने साडेचारशे रुपयांची बाटली दिली, ऑइलमध्ये मिसळायची, धूर बंद होते म्हणे. धूर होता तसाच राहिला. खप आधी हजाराला ९०० मिली होता, आता अकराशेला एक लिटर, म्हणजे फरक शून्य, आणि पुढे डिसेंबरच्या थंडीत, जेव्हा आपल्याकडे पारा दहाच्या खाली जाते, सकाळी स्टार्ट केली की पहिले काही सेकंद वरून टकटकटक. जाडं ऑइल गार असताना वरपर्यंत पोचायला वेळ लावते. सल्ल्यांच्या त्या महिन्यांतच एक तिसराच सल्ला आला की आता डिझेलचं ऑइल टाक. तेव्हा मात्र मी थांबलो.

मिस्त्री मिळाला तो मानेवाड्याकडे, ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीने. पण मी गेलो तो सप्टेंबर २०२३ चा शेवटचा आठवडा, २३ तारखेच्या पहाटे अंबाझरीचं पाणी शहरात घुसलं होतं ना, तेव्हाचा. पंचशील चौक, अंबाझरी लेआउट, तिकडच्या बुडालेल्या गाड्या टोचन करकरून सगळ्या गॅरेजात आलेल्या, सीटा बाहेर काढून उन्हात वाळत घातलेल्या, इंजिनात पाणी, गिअरबॉक्समध्ये चिखल. त्याने माझ्याकडे पाहिलं पण नाही. "भाऊ, तुमची गाडी चालून राहिली ना? मंग दिवाळीनंतर या. आन् तोवर एक काम करा, धूर कवा मारते ते पाहून ठेवा. सकाळी मारते, का चढावर मारते, का उतारावर मारते. आन् आईल किती टाकलं ते लिहा."

बस एवढंच. एक रुपया घेतला नाही. पण एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला काही विकत घ्यायच्या ऐवजी पाहायला सांगितलं.

मग आम्ही पाहायला लागलो. बाबांनी डायरीत लाल पेनने ऑइलचा वेगळा रकाना आखला. दर रविवारी सकाळी, गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी असताना, पट्टी काढायची, पुसायची, परत घालून काढायची. चालवून आल्यावर लगेच पाहिली तर लेव्हल कमी दिसते कारण ऑइल अजून वर अडकलेलं असते, पाच-दहा मिनिटं तरी थांबावं लागते. रात्री गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा टाकून ठेवला, आठवडाभर एक थेंब नाही पडला, म्हणजे गळत नाहीये, जळतेच आहे. मग सकाळी बायको सायलेन्सरच्या मागे जुनी पांढरी ओढणी धरून उभी आणि मी स्टार्टर मारतोय, समोरच्या काकू गेटात येऊन विचारताहेत पूजा आहे का. स्टार्ट केल्याबरोबर एक निळसर भपका यायचा, मग साफ. आणि एकदा साळ्याला मोटरसायकलवर मागे लावून वर्धा रोडच्या त्या डबलडेकर फ्लायओव्हरवर नेली, जो अजनीपासून एअरपोर्टकडे जाते, ३.१४ किलोमीटर लांब, वरून मेट्रो. उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्येच उतरू दिली आणि खाली येऊन पाय दाबला. साळ्याचा फोन आला, "जिजाजी, ढग सोडला तुम्ही मागे."

दिवाळीनंतर हे सगळं मिस्त्रीला सांगितलं तर तो खूशच झाला. त्याने समजावलं ते माझ्या शब्दांत असं. ऑइल सिलिंडरमध्ये जायला दोन मोठे रस्ते आहेत. एक वरून, व्हॉल्व्हच्या दांडीवरून, तिथे रबराचं छोटं टोपडं असते, व्हॉल्व्ह सील. १४-१५ वर्षं इंजिनाच्या उष्णतेत ते वाळून कडक होते, मग रात्रभर ऑइल दांडीवरून झिरपते आणि सकाळी भपका येते. उतारावर पाय सोडला की इनटेकमध्ये ओढ वाढते, ती पण त्याच फटीतून ऑइल ओढते, पाय दाबला की ते जळते. दुसरा रस्ता खालून, पिस्टनच्या रिंगांवरून. तिथून जात असेल तर चढावर, लोडवर सारखा धूर. आमचा धूर तर वरचा दिसत होता, पण खप एवढा की फक्त सीलवर त्याचा विश्वास बसेना.

पण त्याने पहिले हात घातला तो तिसऱ्याच ठिकाणी, पीसीव्ही व्हॉल्व्हला. रिंगांच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो, तो या व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये नेऊन जाळतात. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला की आत खुळखुळ वाजायला पाहिजे. आमचा मुका होता, काळ्या चिकट गाळाने भरलेला. हा बिघडला की चेंबरमध्ये प्रेशर साठते नाहीतर ऑइलची वाफ भसाभसा इनटेकमध्ये ओढली जाते. नवीन पार्ट ३५० रुपयांचा, बसवायला पाच मिनिटं. ६२ हजारांच्या एस्टिमेटमध्ये त्याचं नाव सुद्धा नव्हतं. पुढच्या महिन्या-दीड महिन्यात बाबांचा लाल रकाना १,४०० किलोमीटरला एक लिटर दाखवायला लागला.

जानेवारीत कॉम्प्रेशन पाहिलं, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब होते ते. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि प्लगच्या भोकात लावलेल्या गेजवर प्रेशर पाहायचं. १७०, १७२, १४८, १६८. तिसरा कमी, आणि तिसराच प्लग काळा, ओला. मग त्याने तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मारलं तर १६६. ऑइलने काही वेळ रिंगची फट बुजते, म्हणून आकडा वर गेला म्हणजे दोष रिंगचा, आणि वर गेला नसता तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. एक गोष्ट मात्र त्याने स्वतःहून सांगितली जी मला नवीन होती, की बाकीच्या तिघांचे आकडे चांगले आहेत म्हणून ते निर्दोष झाले असं नाही, कारण कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात आणि ऑइल खरवडायचं काम तिसरी, खालची रिंग करते. ती जाम झाली तर गाडी पिकअप मस्त देते आणि ऑइल पण मस्त पिते. आमच्या गाडीचं नेमकं हेच होतं, चालवताना काही म्हणता काही जाणवत नव्हतं.

"काउन जाम होते पण?" मी विचारलं. तो म्हणाला कार्बन धरते, ऑइल टायमावर बदललं नाही की, नाहीतर गाडी जवळजवळच फिरत राहिली, कधी नीट तापलीच नाही की. घरी येऊन बाबांची डायरी उघडली. सर्व्हिसिंगच्या तारखा तिच्यात होत्याच. मार्च २०२० ची सर्व्हिसिंग, आणि त्यानंतरची थेट जून २०२२ ची. मधल्या सव्वादोन वर्षांत गाडी जेमतेम ५,००० किलोमीटर, तीही घर ते मेडिकल स्टोअर, घर ते भाजी, बॅटरी उतरू नये म्हणून गल्लीत एक चक्कर. आम्हाला वाटायचं गाडी चाललीच नाही तर ऑइल कशाला बदलायचं. बाबा डायरीकडे पाहत बसले बराच वेळ. मी पण त्यांना काही बोललो नाही, मलाही तेव्हा सुचलं नव्हतं.

मिस्त्री म्हणाला खोलायच्या पहिले औषध पाजून पाहू. चारही पिस्टन अर्ध्यावर आणून प्रत्येक प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारं लिक्विड थोडं थोडं ओतलं, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी परत. यात एक गोष्ट चुकली तर इंजिन जाते. प्लग लावायच्या पहिले इंजिन मोकळं फिरवून आतलं लिक्विड बाहेर उडवावंच लागते, कारण लिक्विड दाबलं जात नाही, प्लग लावून तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकते. त्याने प्लगच्या भोकांवर फडकं टाकून फिरवलं, फडकं काळं कुट्ट, आणि पोरगं जवळून पाहत होतं त्याच्या तोंडावर पण शिंतोडे. मग इंजिन सुरू केल्यावर असा धूर झाला की गल्लीतली दोन दुकानं बंद करून माणसं बाहेर आली. लिक्विड रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते म्हणून ते ऑइल लगेच काढून टाकलं, स्वस्तातलं भरून ५०० किलोमीटर चालवली, ते पण काढलं, आणि मग परत मॅन्युअलमधलं ५डब्ल्यू-३०. सकाळची टकटक गेली. तिसऱ्याचं कॉम्प्रेशन १६१. खप १,९०० ला एक लिटर. यावर सगळं मिळून साडेतीन हजार गेले असतील.

शेवटी एप्रिलमध्ये सील. मला वाटलं होतं आता हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवणार, पण त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. सील बदलायचं तर व्हॉल्व्हची स्प्रिंग काढावी लागते, आणि स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये पडते. मग त्याला खालून आधार कसा द्यायचा? त्याने प्लगच्या भोकातून नायलॉनची जाड दोरी आत सोडली, हातहातभर, टोक बाहेर ठेवून, आणि इंजिन हाताने फिरवून पिस्टन वर आणला. दोरीचा गोळा व्हॉल्व्हला खालून घट्ट दाबून धरते. एक सिलिंडर झालं की दोरी ओढून दुसऱ्यात. १६ व्हॉल्व्ह, १६ सील, कॅमशाफ्ट काढायच्या, चेनच्या खुणा जुळवून परत लावायच्या, सकाळी नऊला बसला तो संध्याकाळी सहाला उठला, मध्ये तर्री पोहे मागवले तेवढाच ब्रेक. जुनी सीलं माझ्या हातात दिली, नखाने दाबली तर एकाचा तुकडाच पडला, बटणासारखी कडक. नवीन रबर लहान बाळाच्या कानासारखं मऊ. किट ९५०, मजुरी साडेचार हजार.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत ओढणी. काही नाही. फ्लायओव्हरवर परत साळा. "काही नाही जिजाजी, मी उगाच पेट्रोल जाळलं."

लाल रकान्यात पुढचे पाच महिने सरासरी ३,२०० किलोमीटरला एक लिटर निघाली. शून्य नाही. तिसऱ्या सिलिंडरची रिंग अजून थोडं खातच असणार, आणि मी मिस्त्रीला विचारलं पण, की आता हाफ इंजिन, म्हणजे खोलून रिंगा बदलायचं काम, करून टाकायचं का. तो म्हणाला, "करून देईन, मले काय, पैशे भेटतीन. पण दोन सर्व्हिसिंगच्या मंधात तीन लिटर लागून राहिलं भाऊ, त्याच्यासाठी बरं चालतं इंजिन खोलता? थोडं टाका, पाहत राहा, टायमावर बदला." आता दहा हजाराची वाट न पाहता मी पाच हजारालाच ऑइल बदलतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये पीयूसी निघाली, पासिंगला गेलो, इन्स्पेक्टरने इंजिन सुरू ठेवायला सांगून मागे चक्कर मारली आणि मी आरशातून त्याच्या तोंडाकडे पाहत होतो, तो तर दिव्याच्या काचा पाहून पुढे पण गेला. पाच हजार फी, पाच वर्षं पुढे. बाबांनी येताना संत्रा बर्फी घ्यायला लावली आणि अर्धा किलो मानेवाड्याला पोचती केली.

आज ओडोमीटर १,४१,००० च्या पुढे आहे. डिक्कीत ऑइलचा एक लिटरचा डबा, प्लास्टिकचं नरसाळं आणि पट्टी पुसायला बाबांचं जुनं बनियन. डायरी ग्लोव्ह बॉक्समध्ये, लाल पेन तिलाच दोऱ्याने बांधून ठेवलंय.